शिवडीच्या आवारातला पिवळा ट्रॅक्टर: ओळख, तपासणी आणि मोडीचा निर्णय

शिवडीत बंदराच्या गोदामांना लागून असलेलं एक फॅब्रिकेशन वर्कशॉप. काम कधीच बंद झालेलं, आणि जागा दीड महिन्यात रिकामी करून द्यायची. मागच्या आवारात पत्र्याच्या अर्धवट छपराखाली एक पिवळा ट्रॅक्टर उभा. पुढे जाड पोलादी पाटाचा बंपर, मागे पिन अडकवायचा हुक. शेतीची अवजारं उचलणारी मागची लिफ्ट नाही, नंबरप्लेट नाही, बॉनेटवर नावही नाही. मालकांच्या घरची मंडळी त्याला ‘मॅसी’, म्हणजे मॅसी फर्ग्युसनचा, म्हणत. दारुखान्याच्या भंगारबाजारातल्या एका व्यापाऱ्याने पाच मिनिटं बघून उक्ता भाव सांगितला आणि दुसऱ्याच दिवशी हायड्रा क्रेन व कटिंगवाला पाठवायची तयारी दाखवली.

हा सौदा एक आठवडा थांबवला. जास्त भाव मिळेल ही आशा हे त्याचं मुख्य कारण नव्हतं. लोखंडाचं वजन आठवड्यात कमी होत नाही, पण गॅसकटर एकदा फिरला की यंत्र कोणतं होतं, त्यातले कोणते भाग दुसऱ्या ट्रॅक्टरला चालले असते आणि कागदावर ते कोणाचं होतं, हे तिन्ही प्रश्न कायमचे बंद होतात. म्हणून क्रम असा ठरवला: आधी ओळख, मग कागद, मग इंजिन आणि हौजिंग (मागचे गियर आणि ॲक्सल पेलणारी बिडाची पेटी), आणि भाव सगळ्यात शेवटी.

हा मॅसी नाही

पाटी नसेल तर आधी नोझलच्या नळ्या मोजाव्यात. डिझेलच्या पंपाकडून हेडकडे, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाकडे, जाणाऱ्या बारीक पोलादी नळ्या जितक्या, तितके सिलिंडर. आपल्याकडे जुन्या काळी चाललेल्या ट्रॅक्टरांपैकी बरेच एवढ्यावरच बाद होतात. पोलंडच्या उर्सुसच्या धर्तीवरचे एस्कॉर्ट आणि एचएमटीचा झेटर २५११ हे दोन सिलिंडरचे. जुने आयशर हवेने थंड होणारे, त्यांना रेडिएटरच नसतो. टॅफेच्या मॅसीचं इंजिन पर्किन्सच्या घडणीचं, तीन सिलिंडरचं. फोर्ड ३००० सुद्धा तीनचाच.

इथे नळ्या चार होत्या. मॅसीचंच ‘३५’ हे मॉडेल चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनासह इंग्लंडमध्ये बनत होतं, स्टँडर्ड कंपनीच्या इंजिनावर, १९५६ पासून १९५९ पर्यंत. त्यामुळे ‘मॅसी’ हे नाव नळ्या मोजून पूर्ण खोडता येत नव्हतं. ते दोन खुणांनी खोडलं. त्या ३५ ला पुढचे सहा आणि मागचे दोन गियर असतात, आणि ब्रेक मागच्या चाकांच्या ड्रममध्ये. इथे मुख्य दांडा पुढच्या चार जागी आणि रिव्हर्सच्या एका जागी बसत होता, शेजारी हाय-लोचा दांडा वेगळा. म्हणजे पुढचे आठ, मागचे दोन. ब्रेक तर चाकांपाशी नव्हतेच. डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांना फिरवणाऱ्या गियरसंचाच्या, दोन्ही बाजूंच्या झाकणांखाली कोरड्या डिस्क होत्या.

आठ-दोन गियर, डिस्क ब्रेक, डिफरन्शियल लॉकचं पेडल, चार सिलिंडर, हिटर प्लग. ही सगळी खूण इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बी-२७५ ची. मूळ इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचं हे मॉडेल १९५८ चं. आपल्याकडे महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर १९६३ साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि तिच्या कांदिवलीच्या कारखान्यात बी-२७५ बनू लागला. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रा अँड महिंद्रात विलीन झाली. शिवडीत पडलेलं हे यंत्र याच शहरात, पश्चिम रेल्वेवर तासाभराच्या अंतरावर जन्मलेलं असण्याची शक्यता त्यामुळे मोठी होती.

त्याच घराण्यात बी-२५० आणि बी-४१४ हेही आहेत. बी-२५० ला पुढचे पाच आणि मागचा एक गियर, म्हणून तो लगेच बाजूला झाला. बी-४१४ मात्र बाहेरून फसवतो. त्याचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा पल्ला, तोच, १०१.६ मिलिमीटर. फरक बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा: बी-२७५ चा ८५.७ मिलिमीटर, म्हणजे ३ पूर्णांक ३/८ इंच, आणि बी-४१४ चा ८८.९, म्हणजे साडेतीन इंच. हेड उतरवल्याशिवाय हा निकाल लागत नाही. पुढे हेड उतरवलं तेव्हा रिंगा जिथे घासत नाहीत त्या खालच्या पट्ट्यात बोअर ८५.७ भरला. वरच्या रिंगेच्या पट्ट्यात, जिथे झीज सगळ्यात जास्त होते तिथे, ८५.८२. म्हणजे बी-२७५ नक्की, आणि झीजही फार नाही.

या टप्प्यावर दोन चुका नेहमी होतात. पहिली ओतीव नंबरांची. ब्लॉकवर, हौजिंगवर, ॲक्सलवर उठावदार अक्षरांत लांबलचक आकडे असतात, त्यांच्या मागे ‘आर’ आणि पुन्हा एक आकडा. तो त्या ओतीव भागाचा पार्ट नंबर. तोच भाग दोन-तीन मॉडेलांना लागू शकतो. चासी नंबर किंवा इंजिन नंबर उठावदार नसतो. तो घासून सपाट केलेल्या जागी ठोकलेला असतो किंवा रिव्हेट मारलेल्या पट्टीवर असतो. रंगाचे थर वायरब्रशने न खरवडता पेंट रिमूव्हर आणि कापडाने काढावेत, नाहीतर उथळ ठोकलेले आकडे रंगाबरोबर जातात. इथे पट्टी गेलेली होती, चार रिव्हेटांची भोकं तेवढी उरली होती. ब्लॉकवरचा ठोकलेला इंजिन नंबर मात्र पूर्ण वाचता आला.

दुसरी चूक ‘२७५’ या आकड्यावर विसंबून सुटे भाग मागवण्याची. आज विकला जाणारा महिंद्रा २७५ डीआय तीन सिलिंडरचा, थेट इंजेक्शनचा आहे. जुन्या बी-२७५ मध्ये डिझेल आधी छोट्या कोठडीत फवारलं जातं, म्हणूनच त्याला हिटर प्लग लागतात. हेड, पिस्टन, नोझल यांतलं काहीच एकमेकांना लागत नाही.

‘इंडस्ट्रियल’ की शेतीचा?

पिवळा रंग आणि बंपर पाहून सगळे त्याला इंडस्ट्रियल ट्रॅक्टर म्हणत होते. रंगाचे थर काढून बघितले. ऊन-पाऊस आणि हात पोचत नाहीत अशा तीन जागा निवडल्या: बॅटरीच्या ट्रेखाली, स्टिअरिंग कॉलमच्या मागे, मडगार्डच्या आतल्या बाजूला. तिन्हीकडे पिवळ्याखाली लाल निघाला आणि लालाखाली प्रायमर. कारखान्यातूनच पिवळा आला असता तर पिवळ्याखाली थेट प्रायमर दिसला असता. मागच्या हौजिंगच्या डोक्यावर लिफ्टच्या जागी हाताने कापलेली ८ मिलिमीटरची प्लेट बोल्टने बसवली होती. पीटीओच्या, म्हणजे अवजारांना इंजिनाची ताकद देणाऱ्या मागच्या दांड्याच्या, तोंडावरही तसंच झाकण. म्हणजे हा शेतीचा ट्रॅक्टर. कोणीतरी त्याची लिफ्ट काढून, बंपर आणि हुक लावून आवारात ट्रॉल्या ओढायला जुंपला होता.

ही बाब निर्णयासाठी मॉडेलच्या नावाइतकीच महत्त्वाची ठरली. लिफ्ट नसलेला ट्रॅक्टर शेतकरी घेत नाही, आणि स्वतंत्रपणे लिफ्ट जमवायची तर तिचा पंप, सिलिंडर, वरचं झाकण, हात असा पूर्ण संच लागतो.

कागद

मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या ‘मोटार वाहन’ या व्याख्येतून फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्याजोगं केलेलं खास प्रकारचं वाहन वगळलं आहे. पण ‘फक्त’ या शब्दावर सगळं अवलंबून असतं. रस्ता ओलांडून समोरच्या गोदामात ट्रॉली नेली असेल तर ती सवलत लागू पडत नाही. या ट्रॅक्टरला दिवे होते आणि मागे नंबरप्लेटचा ब्रॅकेटही होता, त्यामुळे शंका रास्त होती. मडगार्डवरचे थर उतरवताना एमएच मालिकेआधीची, तीन अक्षरांनी सुरू होणारी जुनी पाटी रंगवलेली सापडते का ते मुद्दाम पाहिलं. सापडली नाही. जुन्या ताळेबंदात हे यंत्र ‘वाहने’ या खात्यात नसून ‘प्लँट अँड मशिनरी’मध्ये होतं, आणि कर किंवा विम्याची एकही पावती निघाली नाही.

संगणकावर नोंद न मिळणं हा नोंदणी नसल्याचा पुरावा नव्हे. जुन्या नोंदी कागदी रजिस्टरात राहिलेल्या असू शकतात. म्हणून इंजिन नंबरासह आरटीओत लेखी विचारणा केली आणि पोच घेतली. नोंद नाही असं उत्तर आलं. त्यानंतर मालकांनी मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र केलं: यंत्र आमच्या मालकीचं, आवारातच वापरलेलं, त्यावर कर्ज किंवा दावा नाही. त्याला ताळेबंदाच्या पानाची प्रत आणि इंजिन नंबरचा फोटो जोडला.

नोंदणी निघाली असती तर वाट वेगळी होती. कलम ५५ प्रमाणे वाहन कायमचं निकामी झालं की मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्राकडे गाडी देऊन जमा केल्याचं प्रमाणपत्र घेता येतं. नोंदणी रद्द न करता कापलेल्या गाडीचा कर आणि जबाबदारी जुन्या मालकाच्याच नावावर राहते.

इंजिन: मुंबईत थंडी नव्हे, पाऊस मारतो

इंग्लंडच्या पुस्तकांत पडून राहिलेल्या इंजिनाच्या तपासणीत ब्लॉक गोठून फुटला आहे का हे आधी पाहायला सांगतात. मुंबईत तो प्रश्न नाही. इथे एका पावसाळ्यात दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो आणि उभ्या सायलेन्सरवर टोपी नसेल तर तो सरळ मॅनिफोल्डमध्ये उतरतो. इंजिन बंद पडलं तेव्हा ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला, तो सिलिंडर पाणी पितो.

म्हणून स्टार्टर लावायचा नाही, आणि दुसऱ्या गाडीने ओढून फिरवायचं तर मुळीच नाही. सिलिंडरात पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीचा, ड्रेन प्लग फक्त सैल केला आणि काय येतं ते पाहिलं. आधी पाऊण लिटर पाणी आलं, मागून काळं ऑईल. मग रॉकर कव्हर काढलं, टॅपेट सैल केले आणि प्रत्येक व्हॉल्व्ह रबरी हातोड्याने हलका दाबून परत येतो का ते पाहिलं. तिसऱ्याचा एक्झॉस्ट अडकलेला. तो तसाच ठेवून क्रँक फिरवली असती तर पुशरॉड वाकला असता. चारही नोझल काढून प्रत्येक सिलिंडरात ५० मिलिलिटर डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं पातळ ऑईल) समप्रमाणात सोडलं, चार दिवस ठेवलं. पाचव्या दिवशी स्टार्टरच्या भोकातून फ्लायव्हीलच्या दात्यांना पहार लावून दोन अंश पुढे, दोन अंश मागे असं हलवत नेलं. जोर वाढवून एकाच दिशेला रेटलं की रिंगा तुटतात. दुपारपर्यंत पूर्ण फेरा झाला.

हेड काढल्यावर तिसऱ्या सिलिंडरात वरून सुमारे ४० मिलिमीटरवर गंजाचा पट्टा दिसला, नखाला लागणारे खड्डे असलेला. बाकीचे तीन चांगले. एका सिलिंडरचं काम, व्हॉल्व्ह आणि सीट, रिंगा आणि गॅसकेट संच एवढं केलं तर इंजिन चालू होण्यासारखं होतं.

मायको कंपनीचा इनलाइन डिझेल पंप मात्र वेगळा तपासला, कारण जीवाला धोका तिथे असतो. बंद पडलेल्या पंपाचा रॅक, म्हणजे डिझेलचं प्रमाण ठरवणारी दांडी, पूर्ण डिझेलच्या जागी अडकलेला असेल तर इंजिन सुरू होताच वेग धरतं आणि चावी किंवा दांड्याने बंद होत नाही. स्टॉपचा दांडा ओढल्यावर रॅक खरोखर मागे सरकतो का, हे पंपाची खिडकी उघडून डोळ्यांनी पाहावं. इथे रॅक घट्ट होता. अशा इंजिनाला पहिल्यांदा चालू करताना हवेच्या नळीचं तोंड बंद करायला फळी हाताशी ठेवतात, आणि ती धरायला दुसरा माणूस उभा असतो.

जिथे निर्णय फिरला

इथपर्यंत सगळं दुरुस्तीच्या बाजूने होतं. गियरबॉक्सचा प्लग उघडल्यावर चित्र बदललं. आधी चार लिटर निव्वळ पाणी, मग दुधासारखं ऑईल. हे पावसाचं की भरतीच्या पुराचं? दोन चमचे पाणी पोलादी पट्टीवर तापवलं तर पांढरा खरपुडा राहिला. खारं पाणी. मागच्या टायरच्या आतल्या बाजूला रिमवर गंजाची सरळ आडवी रेघ होती, तीही हेच सांगत होती. ऑईलच्या पातळीखालचे गियर बरे होते. बेअरिंगांचे खालचे रोलर मात्र खड्डे पडून बाद झाले होते. पण बेअरिंग बदलता येतात. खरा दोष हुकाच्या वर निघाला.

जड ट्रॉल्या ओढायला कोणीतरी २५ मिलिमीटर जाडीची प्लेट मागच्या हौजिंगला थेट वेल्डिंग करून बसवली होती. हौजिंग बिडाचं. साध्या पोलादी रॉडने बिडावर वेल्ड मारलं की बिडातला कार्बन वेल्डात शिरतो, कडेचा पट्टा काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो आणि थंड होताना आकसून तिथेच चीर धरतो. पुढे ट्रॉलीच्या प्रत्येक झटक्याने ती वाढते. ग्रीस धुऊन लाल डाय मारला, पंधरा मिनिटांनी पुसून पांढरा डेव्हलपर फवारला. १४० मिलिमीटरची बारीक लाल रेघ उमटली, वेल्डच्या टोकापासून ॲक्सल हौजिंगच्या बोल्टाच्या भोकापर्यंत.

झाकणावर किंवा पाण्याच्या जॅकेटवर चीर असती तर टोकांना ४ मिलिमीटरची भोकं पाडून, तापवून, निकेल रॉडने ती बसवता आली असती. हे हौजिंग मात्र मागच्या चाकांचा भार, ब्रेकचा पीळ आणि हुकाची ओढ हे सगळं एकटं पेलतं. तिथली दुरुस्ती करून ट्रॅक्टर कामाला लावणं म्हणजे चालकाचा जीव पणाला लावणं, आणि तो सल्ला देता येत नाही. दुसरं हौजिंग मिळण्यासारखं होतं. या मॉडेलचे ट्रॅक्टर महाराष्ट्रात पुष्कळ चालले आहेत. पण हौजिंग बदलायचं म्हणजे ट्रॅक्टर मधून पूर्ण उघडायचा, बेअरिंगांचा संच, डिस्क, ऑईलसील, वर लिफ्टचा संच, आणि इंजिनाचं काम वेगळंच. हे सगळं दीड महिन्यात, जिथे क्रेनखाली ठेवायला पक्की फरशीसुद्धा नाही अशा आवारात. जोडीला चासीची पट्टी नसलेला, नोंदणी नसलेला ट्रॅक्टर रस्त्यावर कधीच आणता आला नसता. निर्णय झाला: अख्खा चालवायचा नाही, आणि अख्खा कापायचाही नाही.

कापणी आणि काटा

कटिंगआधी काढलेल्या गोष्टींची नोंद महत्त्वाची, कारण अपघात इथेच होतात. मागच्या टायरांत वजनासाठी पाणी भरलेलं होतं, प्रत्येकी शंभर लिटरहून जास्त. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून आधी हवा सोडली, मग चाक फिरवून व्हॉल्व्ह खाली घेतला आणि पाणी काढलं. टायर चढलेल्या रिमवर गॅस मारला तर टायर फुटून माणूस मरतो, म्हणून चारही टायर आधी उतरवले. डिझेलची टाकी कापलीच नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, आत वाफ असते. ती तशीच सुट्या भागांत गेली. क्लच प्लेट आणि ब्रेकच्या डिस्कवरचं जुनं अस्तर ॲस्बेस्टॉसचं धरून ओलं केलं, जाड पिशवीत बांधलं. त्यावर कॉम्प्रेसरची हवा मारली नाही. इंजिनचं आणि गियरचं ऑईल घातक कचऱ्यात मोडतं, ते झाकणबंद ड्रममधून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे दिलं.

हायड्राचा पट्टा पुढच्या ॲक्सलच्या आधाराखालून आणि मागे दोन्ही ॲक्सल हौजिंगखालून घेतला. बंपरला पट्टा लावू दिला नाही, त्याचे बोल्ट गंजून अर्धे झाले होते. टेम्पो आधी रिकामा काट्यावर नेऊन वजनाची चिठ्ठी घेतली, मग भरून. व्यापारी चिखल-गंजापोटी कडता, म्हणजे वजनात सूट, मागतो. तो किलोत ठरवून चिठ्ठीवर लिहून घेतला, टक्क्यात नाही.

पाणी आणि ऑईल काढल्यावर ट्रॅक्टर १,९६० किलो भरला. त्यातले ५६० किलो सुटे भाग म्हणून गेले: हेडसह इंजिन, इनलाइन पंप, चांगले गियर, स्टिअरिंग बॉक्स, पुढचा ॲक्सल, मागच्या चाकांची बिडाची वजनं. ते कल्याणच्या बाजूला बी-२७५ च उघडून पुन्हा बांधणाऱ्या एका गॅरेजने घेतले. मॉडेल पक्कं सांगता आलं आणि बोअरचं माप हाती होतं, म्हणून त्यांनी फोटोवरच होकार दिला. टायर-ट्यूब १३० किलो. उरलेलं बीड ७७० किलो, पोलाद ४७० किलो. रेडिएटर, डायनॅमो आणि स्टार्टरचं तांबं-पितळ १८ किलो. बारा किलो माती आणि गंज. बीड, पोलाद आणि तांबं-पितळ वेगवेगळं तोललं. व्यापाऱ्याच्या उक्त्या भावात तांबं-पितळ लोखंडाच्याच दराने धरलेलं होतं आणि इंजिन बिडाच्या.

तडा गेलेलं हौजिंग सुट्या भागांच्या ढिगात जाऊ नये म्हणून चिरेच्या रेषेवरच कापून दोन तुकडे केलं आणि मगच काट्यावर चढवलं. विक्रीच्या पावतीवर इंजिन नंबर, प्रतिज्ञापत्राचा क्रमांक, आणि ‘सुटे भाग, वाहन नव्हे’ हे शब्द लिहिले. त्या पावतीची एक प्रत गॅरेजकडे आणि एक मालकांच्या फाईलमध्ये, आरटीओच्या उत्तराच्या मागे लावली आहे.